ब्रिटिश व्यंगचित्रांतील टेडी, मॉड आणि रॉकर

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमधील कामगारवस्त्यांतल्या पोरांच्या हाती बरा पगार खेळू लागला आणि 1949 मध्ये कपड्यांवरचे रेशनिंगही उठले, तेव्हा कपड्यांवर हौसेने खर्च करणारी जी टोळकी वृत्तपत्रांच्या डोळ्यांत प्रथम सलू लागली, ती टेडी बॉईजची. राजा सातवा एडवर्ड याच्या काळातील पेहराव लंडनच्या सॅव्हिल रो या उंची शिंप्यांच्या रस्त्यावर श्रीमंत गिऱ्हाइकांसाठी पुन्हा शिवला जाऊ लागला होता. दक्षिण लंडनच्या मुलांनी तो उचलला आणि एडवर्डचे घरगुती रूप ‘टेडी’ हे त्यांना 1953 पासून चिकटले.

व्यंगचित्रकारांच्या दृष्टीने हे आयतेच घबाड होते. लांबलचक सैल कोट, त्याची मखमली कॉलर, नळीसारखी तंग विजार, जाड रबरी तळाचे बूट आणि कपाळावर तेल लावून वळवलेला केसांचा झुपका एवढे फटकारे पुरत, चेहऱ्यावर मेहनत घेण्याचे कारण उरत नसे; गोम नेमकी तीच, कारण अशाने माणूस जाऊन नुसता नमुना उरतो. ‘डेली एक्स्प्रेस’चे कार्ल जाइल्स (1916–1995) यांना मात्र या दोषातून बरेचसे वगळावे लागेल. गर्दीचे दृश्य बारीकसारीक तपशिलांनी भरून काढण्यात त्यांचा हातखंडा होता, आणि त्यांच्या चित्रकुटुंबातील काळ्या कोटातली आजी कोणत्याही टोळक्याला भारी पडेल अशी दांडगट असल्याने उनाडपणाचा मक्ता एकट्या तरुणांकडे राहत नसे.

1964 च्या ईस्टरला क्लॅक्टन येथे आणि पुढे मार्गेट व ब्रायटनच्या किनाऱ्यांवर मॉड, म्हणजे बेतशीर सूट घालून व्हेस्पा किंवा लॅम्ब्रेटा स्कूटरवर फिरणारे, आणि रॉकर, म्हणजे चामडी जाकिटातले मोटारसायकलवाले, यांच्यात हाणामाऱ्या झाल्या. समाजशास्त्रज्ञ स्टॅन्ली कोहेन यांनी 1972 च्या ग्रंथात दाखवून दिले की वृत्तपत्रांनी या प्रकारांना नको तितके फुगवले आणि समाजात घबराट पसरवण्यास हातभार लावला. याउलट, 1958 मध्ये नॉटिंग हिल येथे वेस्ट इंडियन रहिवाशांवर झालेल्या हल्ल्यांत टेडी बॉईज सामील होते, आणि ते क्रौर्य झुपकेवाल्या विनोदी आकृतीत मावणारे नव्हते.

अशी असंख्य चित्रे आज कँटरबरी येथे केंट विद्यापीठाच्या संग्रहात जपलेली आहेत. त्या काळचा शिंपी काय शिवत होता, हे त्यांवरून चांगले कळते. ती मुले कशी होती हे त्यांवरून ठरवणे मात्र धाडसाचे आहे.