जालन्याचा डॉक्टर आणि त्याची यादी

‘जालना, सोने का पालना’ ही म्हण तुम्ही ऐकली असेलच. पण हिवाळ्यात घाणेवाडी तलावावर दुर्बीण घेऊन एक सकाळ काढली की या गावाची वेगळीच श्रीमंती कळते. फक्त एक गंमत होते. आपल्याला सगळ्यांना ‘रेअर’ पक्षी हवा असतो. चक्रवाक दिसला की ‘हा काय, कॉमन आहे’ म्हणून आपण पुढे!

अशा वेळी मला थॉमस जेर्डन आठवतो. जन्म १८११चा. १८३६ साली हा कंपनी सरकारचा डॉक्टर म्हणून भारतात आला आणि पुढच्या वर्षी मद्रासच्या घोडदळात नेमला गेला. हे पथक निजामाच्या मुलखातल्या जालन्याच्या छावणीत आलं, आणि त्याच्याबरोबर हाही. म्हणजे वय साधारण आपल्याच एवढं, नोकरी फुल टाइम आणि उरलेल्या वेळात पक्षी!

तेव्हा पक्षी नीट ओळखायचा तर मारून हातात घ्यावा लागे, म्हणजे आजच्या हिशोबात हा पक्षीप्रेमी नव्हेच. पण पठ्ठ्या नोंदी चोख ठेवायचा. पक्ष्यांची देशी नावंसुद्धा लिहून घ्यायचा. १८३९-४० मध्ये मद्रासच्या एका नियतकालिकात त्याची यादी छापून आली. त्यात सुमारे ४२० जाती होत्या. त्याआधी कर्नल साईक्सने दख्खनच्या पक्ष्यांची जी यादी केली होती, तिच्या जवळजवळ दुप्पट!

आता खरा मुद्दा. जेर्डनने पुढे १८६२-६४ मध्ये भारतातल्या पक्ष्यांवर मोठा ग्रंथ लिहिला. त्यात तो सांगतो की माळढोकांचे पंचवीस-पंचवीसचे, त्याहून मोठेही थवे त्याने पाहिले आहेत. आज देशभरात मिळून अगदी मोजकेच माळढोक उरले आहेत. शिकार झाली, गवताळ माळ नांगराखाली गेले, वर विजेच्या तारा आल्या. १९७९ साली सोलापूरजवळ नान्नजला खास अभयारण्य झालं, तरी तिथेही आता माळढोक दिसला तर बातमी होते.

उलट उदाहरणही जेर्डनच्याच नावाचं आहे. ‘जेर्डनचा धाविक’ १९०० नंतर कुणाला दिसलाच नाही. संपला असं धरून चालले होते. जानेवारी १९८६ मध्ये तो आंध्रात कडप्पाकडे पुन्हा सापडला. जुनी नोंद होती म्हणून शोधणाऱ्यांना कुठे आणि काय शोधायचं हे तरी माहीत होतं.

जेर्डनच्या काळात माळढोक हा काही नवलाचा पक्षी नव्हता. तरी त्याने लिहून ठेवलं, म्हणून काय गेलं ते आज आपल्याला कळतं. तेव्हा मंडळी, पुढच्या रविवारी वहीत चक्रवाकही लिहा. किती होते, तेसुद्धा.