ध्रुवांकडचे पाहुणे

हमरापूर म्हटले की गणपती आठवायचे, हे का सांगायला हवे? हमरापूर, जोहे, तांबडशेत इकडे घराघरांतून बाप्पा घडतात आणि बोटीत बसून थेट परदेशी जातात. मातीला येथे तोटा नाही. म्हणूनच गेल्या दिवाळीत माझ्या नातवाने अंगणात किल्ला केला आणि शिवाजीमहाराजांच्या शेजारी शाडूचा एक पेंग्विन व एक पांढरे अस्वल बसवले, तेव्हा मला नवल वाटले नाही. मी एवढेच म्हणालो, "अरे, अस्वल उत्तरेकडचे, पेंग्विन दक्षिणेकडचा. या दोघांची उभ्या जन्मात गाठ पडत नाही."

"आजोबा, मग निदान किल्ल्यावर तरी पडू दे की!"

त्याच्या या कलाकृतीचे मूळ होते चिरंजीवांनी मुंबईहून आणलेल्या एका रंगीत पुस्तिकेत. बोटीने अंटार्क्टिका दाखवून आणणाऱ्यांची ती जाहिरात. "नाना, एकदा जाऊन यावे म्हणतो," चिरंजीव म्हणाले. सौभाग्यवतींनी खर्चाचा आकडा वाचला आणि चकल्यांचा घाणा करपला.

तसे पाहिले तर मराठी माणसाचे ध्रुवाशी नाते जुने आहे. ऋग्वेदातल्या उषेच्या सूक्तांत जी लांबच लांब पहाट दिसते, ती ध्रुवप्रदेशावाचून कुठली असणार, असा तर्क लोकमान्य टिळकांनी केला आणि १९०३ साली त्यावर एक इंग्रजी ग्रंथच प्रसिद्ध केला. विद्वानांनी तो तर्क पुढे मान्य केला नाही. पण पुण्यात बसून ध्रुवावरची पहाट डोळ्यांपुढे आणणे ही काही लहान मजल नव्हे.

प्रत्यक्ष पाय निघाला तो आमच्या कोकणपट्टीच्याच टोकावरून. ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याहून 'पोलर सर्कल' हे भाड्याचे नॉर्वेजियन जहाज एकवीस जणांना घेऊन निघाले. डॉ. कासिम त्यांचे प्रमुख. मोहिमेचा फारसा गाजावाजा नव्हता. ९ जानेवारी १९८२ ला मंडळी बर्फावर उतरली, तेव्हा देशाला कळले. १९८३-८४ च्या तिसऱ्या मोहिमेत प्रथमच दोन भारतीय स्त्रिया गेल्या. एक सुदीप्ता सेनगुप्ता आणि दुसऱ्या अदिती पंत, औंधच्या पंतांच्या घराण्यातल्या, जन्म नागपूरचा. गोव्याच्या समुद्रविज्ञान संस्थेत त्या काम करीत. भारताचे 'दक्षिण गंगोत्री' हे पहिले ठाणे त्याच मोहिमेत उभे राहिले. पुढे ते बर्फाखाली गडप झाले. आज 'मैत्री' आणि 'भारती' ही दोन ठाणी तेथे नांदतात.

हे झाले अभ्यासकांचे. हौशी प्रवाशांची वाट लार्स-एरिक लिंडब्लाड नावाच्या स्वीडिश-अमेरिकन गृहस्थाने १९६६ साली घालून दिली. त्याच्यासाठी बांधलेले 'एक्सप्लोरर' जहाज नोव्हेंबर २००७ मध्ये बर्फावर आदळून बुडाले. दैव बलवत्तर म्हणून माणसे सगळी वाचली. तरी गर्दी वाढतेच आहे. आताशा एका हंगामात लाखावर माणसे तिकडे जातात. म्हणून नियमही आले. एका जागी एका वेळी शंभरांहून अधिक जणांनी उतरायचे नाही, पेंग्विनपासून पाच मीटर दूर राहायचे, आणि उतरण्यापूर्वी व परतल्यावर बूट धुवायचे, न जाणो बाहेरचे बी किंवा रोग जायचा! शेवटचा नियम वाचून सौभाग्यवती म्हणाल्या, "पाय धुऊन घरात यायचे. यात नवीन काय?"

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी मी बापलेकांना धरमतरच्या खाडीकडे नेले. ओहोटी लागली होती. चिखलावर चिमणीएवढी करड्या रंगाची पाखरे तुरुतुरु धावत होती, चोची खुपसत होती.

"हे टिलवे," मी म्हणालो. "यांची अंडी उबतात उत्तर ध्रुवाजवळच्या ओसाड माळावर. पावसाळा सरता सरता इकडे येतात. आणि भर पावसाळ्यात दूर समुद्रात एक काळे वादळपाखरू लाटांवर पाय टेकत हिंडते, ते दक्षिण ध्रुवाकडचे. तुझ्या किल्ल्यावर जमले, तेच आपल्या समुद्रकाठी घडते बरे! दोन्ही ध्रुवांचे पाहुणे येतात, आपले काही मोडत नाहीत आणि वेळ झाली की निघून जातात."

चिरंजीव गप्प होते. त्यांचे लक्ष खाडीच्या बांधाकडे होते. आमच्या तालुक्यातला खारेपाट या बांधांच्या जिवावर जगतो. उधाणाला बांध फुटला की खारे पाणी भातशेतीत शिरते, आणि जमीन पुन्हा पिकाला यायला वर्षे जातात. पेल्यात तरंगणारा बर्फ वितळला तर पाणी वर चढत नाही. वरून नवा खडा टाकला की चढते. अंटार्क्टिकाच्या जमिनीवरचा बर्फ हा असा वरचा खडा. तो सगळा वितळला, तर समुद्र अठ्ठावन्न मीटर चढेल. सगळा काही उद्या वितळत नाही; पण हातभर चढला तरी आमच्या बांधाला तो पुरेसा आहे. आणि त्या बर्फाला ऊब देणाऱ्या धुरात पर्यटकांच्या बोटींचाही वाटा आहे, तसा आमच्या मोटारींचाही.

"म्हणजे जाऊ नको म्हणता?" त्यांनी विचारले.

मी कुणाला नको म्हणणार? अदिती पंत गेल्या नसत्या, तर तिकडच्या समुद्राचे आपल्याला कळले असते थोडेच. मी म्हणालो, "जा, पण पाहुण्यासारखा जा. आणि त्याआधी एक हिवाळा येथल्या पाहुण्यांची ओळख करून घे."

पुस्तिका अजून कपाटात आहे. चिरंजीवांनी तूर्त एक दुर्बीण घेतली आहे, आणि दर ओहोटीला नातू ती माझ्याकडून हिसकावून घेतो. किल्ला पावसात वाहून गेला. पेंग्विन आणि अस्वल मात्र देवघराशेजारच्या कोनाड्यात शेजारी शेजारी बसली आहेत. यंदाच्या किल्ल्यावर त्यांच्या जोडीला एक टिलवाही बसणार आहे.