एकट्याची वही

मागच्या मासिक बैठकीत बचतीचा हिशोब झाल्यावर आम्ही एक जुनी गोष्ट सांगितली. ती इतकी रंगली की आज रेडिओवर घेऊन आलोय.

१७१९ साली लंडनमध्ये डॅनियल डिफो यांची ‘रॉबिन्सन क्रूसो’ ही कादंबरी छापली गेली. जहाज फुटतं, सगळे बुडतात आणि एकटा क्रूसो ओसाड बेटावर २८ वर्षं काढतो. असं खरंच घडतं का? त्याआधी दहाच वर्षं, १७०९ मध्ये, अलेक्झांडर सेल्कर्क या स्कॉटिश खलाशाची चिलीच्या पश्चिमेकडच्या एका बेटावरून सुटका झाली होती. जहाज गळकं आहे म्हणून तो कप्तानाशी भांडला आणि मागे राहिला. तिथे चार वर्षं चार महिने एकटा होता. रात्री उंदीर कुरतडायचे, म्हणून त्याने रानमांजरं माणसाळवली. ते गळकं जहाज पुढे खरंच बुडालं.

कादंबरीतला क्रूसो सुरुवातीला रडतो, घाबरतो. मग कागद घेऊन दोन रकाने करतो: एकात वाईट, दुसऱ्यात चांगलं. ओसाड बेटावर अडकलो, पण जिवंत आहे. अंगावर कपडे नाहीत, पण इथे थंडीही नाही. जमा-खर्च मांडला की त्याचं मन थाऱ्यावर येतं.

पुढे तो स्वतःला नव्याने ओळखतो, ते कामातून. पोत्यातला कोंडा झटकला, त्यातून सातू उगवला. ते दाणे तो बियाण्यासाठी राखतो आणि चौथ्या वर्षी कुठे थोडं खातो. दोन ओबडधोबड मातीची भांडी करायला त्याला दोन महिने लागतात. एका भाकरीमागे किती कामं असतात, याचं त्याला नवल वाटतं. इथे आमच्या बैठकीत हशा पिकला. एक ताई म्हणाल्या, “हे कळायला त्याला बेटावर जावं लागलं होय!”

पण त्याच्या वहीत काही नोंदी राहून गेल्या. तो निघाला होता आफ्रिकेतून गुलाम आणायला. पुढे एका माणसाचा जीव वाचवला, त्याला ‘फ्रायडे’ नाव दिलं आणि स्वतःला ‘मालक’ म्हणायला शिकवलं. त्याचं खरं नाव विचारलंच नाही. आणि लंडनमध्ये एका कप्तानाच्या विधवेने त्याची ठेव इमानाने सांभाळली होती. तिचंही नाव पुस्तकात नाही.

आमच्या गटात काही जणी घरात एकट्या आहेत. कुणाचा नवरा गेला, कुणाला टाकलंय. त्यांनाही बेटासारखंच वाटतं, फरक इतकाच की भोवती माणसं असतात. त्यातली एक त्या दिवशी म्हणाली, “पोपटाकडून स्वतःचं नाव ऐकायची वेळ त्याच्यावर आली. मला निदान बैठकीत हजेरीला नावाने हाक मारतात.”

मैत्रिणींनो, या आठवड्यात तुम्हीही दोन रकाने मांडून बघा. आणि तिसराही ठेवा: ज्यांच्या आधारावर आपण उभ्या आहोत, त्यांची नावं. पुढच्या बैठकीत आम्ही ती मोठ्याने वाचणार आहोत.