निवृत्त सैनिकांची दुसरी पाळी

'होमगार्ड' हा शब्द मराठी वाचकास गणेशोत्सवाच्या बंदोबस्तामुळे परिचित आहे. मुंबई प्रांतात ही संघटना डिसेंबर १९४६ मध्ये उभी राहिली, ती दंगलींच्या काळात पोलिसांना साहाय्य व्हावे म्हणून. नाव मात्र इंग्लंडमधले. तेथील होमगार्डचा जन्म १९४० सालचा, आणि तिच्या आरंभीच्या रांगांत पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांचा मोठा भरणा होता. या माणसांची स्मृती इतिहासग्रंथांपेक्षा विनोदाने अधिक जपली. असे का घडले, याचा विचार साहित्याच्या अभ्यासकांनी करावा असे आम्हांस वाटते.

१० मे १९४० रोजी जर्मनीने हॉलंड व बेल्जियमवर चढाई केली. छत्रीधारी सैनिक आकाशातून उतरल्याच्या वार्तांनी इंग्लंड हादरले. १४ मे रोजी युद्धमंत्री अँथनी ईडन यांनी नभोवाणीवरून १७ ते ६५ वयाच्या पुरुषांना आवाहन केले. वेतन नव्हते. तरीही आठवड्याभरात सुमारे अडीच लाखांनी नावे नोंदविली आणि जुलैअखेर ही संख्या पंधरा लाखांच्या घरात गेली. १९१८ साली विशीत असलेला शिपाई आता चाळिशी ओलांडून गेला होता. नियमित सैन्याने ज्याला वयाच्या कारणाने परत पाठविले असते, त्याला येथे जागा मिळाली.

जागा मिळाली, पण शस्त्र मिळाले नाही. डंकर्कहून सैन्य परतले ते बहुतेक अवजड युद्धसामग्री फ्रान्समध्ये टाकून. स्वयंसेवकांच्या हाती शिकारीच्या बंदुका, काठ्या, क्वचित जुन्या तलवारी. पुढे अमेरिका व कॅनडातून रायफली आल्या; तरीही १९४१ मध्ये लोखंडी नळीला संगीन जोडून केलेले भाले पुरविण्यात आले. मध्ययुगात शोभणारे हे आयुध पाहून युद्ध पाहिलेल्या माणसांना हसावे की संतापावे हे कळेना.

याहून गंभीर वाद अनुभवाविषयी होता. कोणाचा अनुभव प्रमाण मानायचा? निवृत्त अधिकाऱ्यांना कवायत, सलामी व खंदकयुद्ध ठाऊक होते. याच दलात स्पेनच्या यादवी युद्धातून परतलेलेही काही होते. 'अ‍ॅनिमल फार्म'चा कर्ता म्हणून आपण ज्याला शिकवितो तो जॉर्ज ऑर्वेल त्यांपैकी एक. १९३७ मध्ये स्पेनच्या आघाडीवर त्याच्या गळ्यातून गोळी आरपार गेली होती. फुप्फुसांच्या दुखण्यामुळे सैन्याने त्याला नाकारले होते. होमगार्डमध्ये तो सार्जंट झाला आणि १९४३ पर्यंत राहिला. हे दल लोकसेनेचे रूप घेईल अशी त्याची आशा होती, आणि वृद्ध अधिकाऱ्यांच्या कवायतप्रेमावर तो टीका करीत असे. स्पेनमध्येच लढलेल्या टॉम विंट्रिंगहॅम याने जुलै १९४० मध्ये ऑस्टरली पार्क येथे खासगी शाळा काढून रणगाड्यांशी व गनिमी पद्धतीने लढण्याचे शिक्षण सुरू केले. काही महिन्यांतच युद्धखात्याने ती शाळा ताब्यात घेतली. नागरिकांच्या हाती बंदूक द्यावी लागली, तरी ती कोणत्या विचाराने धरली जाते याची चिंता शासनास होतीच.

'स्वयंसेवक' हे विशेषणही टिकले नाही. १९४२ पासून या दलात सक्तीने भरती करता येऊ लागली. स्त्रियांना मात्र १९४३ पर्यंत अधिकृत प्रवेश नव्हता; मिळाला तोही साहाय्यक म्हणून, गणवेशाऐवजी एका बिल्ल्यावर.

शत्रू किनाऱ्यावर उतरलाच नाही. ज्या लढाईसाठी हे दल उभे राहिले ती झाली नाही, आणि न झालेल्या लढाईचे शौर्य सांगायचे कसे? ही पोकळी विनोदाने भरली. १९६८ ते १९७७ या काळात बीबीसीवर गाजलेल्या 'डॅड्स आर्मी' या मालिकेचा एक लेखक, जिमी पेरी, स्वतः किशोरवयात होमगार्डमध्ये होता. मालिकेत तुकडीचा नायक बँकेचा व्यवस्थापक आहे. त्याने लढाई पाहिलेली नाही. खऱ्या लढाया पाहिलेला म्हातारा खाटीक त्याच्या हाताखाली आहे. पहिल्या महायुद्धात शस्त्र धरण्यास नकार दिलेला, म्हणून ज्याला सहकारी भेकड ठरवितात, त्या वृद्धाने रणभूमीवर जखमी सैनिकांचे प्राण वाचवून पदक मिळविले होते असे एका भागात उघड होते. हसविता हसविता ही मालिका एवढे सांगून जाते की माणसाचा युद्धानुभव त्याच्या हुद्द्यावरून ओळखता येत नाही.

पण विनोदातून निसटलेली बाजूही आहे. पूल, कारखाने, रेल्वेमार्ग यांवर या माणसांनी रात्रपाळीचे पहारे दिले, तेही दिवसाची नोकरी सांभाळून. पुढे अनेकांनी विमानवेधी तोफा व अग्निबाण चालविले. कर्तव्य बजावताना बाराशेहून अधिक जण मृत्युमुखी पडले. त्यांनी पहारा सांभाळला म्हणून तरुण शिपाई प्रशिक्षणासाठी व आघाडीसाठी मोकळा झाला. ३ डिसेंबर १९४४ रोजी लंडनमध्ये निरोपाचे संचलन झाले आणि माणसे घरोघर परतली.

कथेला संघर्ष हवा असतो. पहाऱ्यात तो क्वचितच असतो. म्हणून अशा सेवेला वीरकाव्य लाभत नाही, लाभले तर प्रहसन लाभते. युद्धसाहित्य शिकविताना आपण आघाडीवरच्या खंदकापाशी थांबतो. एकदा रण पाहून आल्यावरही, वेतनाविना, गावच्या पुलावर रात्र जागविणाऱ्या माणसालाही त्या अभ्यासक्रमात स्थान असावे, एवढेच आमचे म्हणणे आहे.