पुसलेल्या गावांच्या स्मरणिका

स्मरणिका हा शब्द आपल्या मंडळांच्या चांगल्या परिचयाचा आहे. अध्यक्षांचे मनोगत, कार्यकारिणीचे छायाचित्र, गेल्या वर्षांचा आढावा, जाहिराती आणि दिवंगत सभासदांची यादी, हा तिचा ठरलेला साचा. चार दिवस चाळून झाली की ती कपाटात जाते. परंतु जगात अशाही काही स्मरणिका आहेत, की ज्या गावांविषयी त्या लिहिल्या गेल्या त्या गावांतील समाज आज केवळ त्यांच्या पानांतच उरला आहे. परमुलखात संसार थाटलेल्या आपणा मराठी कुटुंबांना त्यांची ओळख करून द्यावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

दुसऱ्या महायुद्धापूर्वी पोलंड, लिथुआनिया, बेलोरशिया व युक्रेन या प्रदेशांत ज्यूंची वस्ती असलेली शेकडो लहान गावे होती. ज्यूंच्या यिडिश भाषेत अशा गावास ‘श्टेटल’ म्हणत. मधोमध बाजाराचा चौक, भोवती लाकडी घरे, एखादे सिनेगॉग आणि गावाबाहेर दफनभूमी, अशी त्यांची सर्वसाधारण रचना असे. आठवड्याच्या बाजारास आसपासचे ख्रिस्ती शेतकरी धान्य, कोंबड्या, घोडे घेऊन येत आणि ज्यू शिंपी, चांभार, दुकानदार यांजकडून गरजेच्या वस्तू घेऊन जात. दारिद्र्य पुष्कळ होते. तथापि मुलांस धर्मग्रंथ वाचता आलाच पाहिजे हा आग्रह गरिबाघरीही असे; आणि आजाऱ्याची शुश्रूषा, अडलेल्यास बिनव्याजी कर्ज, मृताचे अंत्यसंस्कार यांसाठी गावोगावी लोकांनीच चालविलेल्या संस्था असत. १९३९ साली एकट्या पोलंडमध्ये सुमारे ३३ लाख ज्यू राहत होते. त्यांपैकी सुमारे ३० लाख पुढील सहा वर्षांत मारले गेले. युरोपातील एकूण बळींची संख्या सुमारे ६० लाख आहे.

एवढे मोठे आकडे मनास उमगत नाहीत. म्हणून आपण एकाच गावाकडे पाहू. विल्नियस शहराच्या दक्षिणेस एशिशोक नावाचे गाव आहे. ते आज लिथुआनियात असून दोन महायुद्धांच्या दरम्यान पोलंडकडे होते. २२ जून १९४१ रोजी जर्मनीने सोव्हिएत संघावर आक्रमण केले आणि थोड्याच अवधीत हे गाव जर्मनांच्या हाती पडले. त्याच वर्षी सप्टेंबरात, ज्यूंच्या नववर्षाच्या आदल्या दिवशी, गावातील ज्यूंस सिनेगॉगमध्ये कोंडण्यात आले. आसपासच्या खेड्यांतील ज्यूही तेथे आणले गेले. २५ व २६ सप्टेंबर या दोन दिवसांत, प्रथम पुरुष आणि नंतर स्त्रिया व मुले यांना गावाबाहेर नेऊन गोळ्या घालण्यात आल्या. मारणारे जर्मन तुकडीचे होते, तसेच त्यांना सामील झालेले लिथुआनियनही होते. काही शतकांची वस्ती दोन दिवसांत संपली. अगदी थोडे लोक पळून वाचले.

या हत्येची नोंद कागदोपत्री आहे. कार्ल येगर या अधिकाऱ्याने १ डिसेंबर १९४१ रोजी वरिष्ठांस जो अहवाल पाठविला, त्यात ओळीओळीने दिनांक, ठिकाण, मारलेल्यांचे आकडे आणि एकूण संख्या दिली आहे. एशिशोकच्या ओळीत ९८९ पुरुष, १,६३६ स्त्रिया, ८२१ मुले, एकूण ३,४४६ असे लिहिले आहे. अहवालातील सर्व ठिकाणांची एकूण संख्या १,३७,३४६ आहे. सरकारी सेवेत आमचे आयुष्य असेच तक्ते भरण्यात आणि तपासण्यात गेले. एशिशोकच्या ओळीची बेरीज सवयीने आम्हीही करून पाहिली. ती बरोबर आहे, आणि नेमक्या याच गोष्टीने अंगावर काटा येतो. ज्या शिस्तीने आपण धान्याची पोती वा टपालाची आवकजावक नोंदवितो, त्याच शिस्तीने येथे माणसे नोंदविली आहेत. सगळ्या तक्त्यात मारलेल्यांपैकी एकाचेही नाव नाही.

त्या अहवालास उत्तर दिले ते सामान्य माणसांनी. युद्धापूर्वीच अनेक ज्यू पोटापाण्यासाठी न्यूयॉर्क, ब्यूनोस आयर्स, पॅलेस्टाइन येथे गेले होते. तेथे एकाच गावच्या मंडळींनी आपापली मंडळे स्थापिली होती. त्यांना ‘लान्ड्समानशाफ्ट’ म्हणत. नव्याने आलेल्यास काम मिळवून देणे, आजारपणात मदत करणे, मृतासाठी दफनभूमीत जागा राखणे, ही त्यांची कामे. थोडक्यात, ती आपल्यासारखीच मंडळे होती. युद्ध संपल्यावर वाचलेले लोक येऊन मिळाले, आणि या मंडळांनी आपल्या नष्ट झालेल्या गावांच्या स्मरणिका काढल्या. त्यांना ‘यिझकोर’ ग्रंथ म्हणतात. ‘यिझकोर’ म्हणजे ‘तो स्मरण ठेवो’. मृतांसाठी म्हणावयाच्या ज्यू प्रार्थनेचेही तेच नाव आहे. असे सातशेहून अधिक ग्रंथ निघाले. एशिशोकचाही एक ग्रंथ १९५० साली जेरुसलेमला निघाला.

हे लिहिणारे बहुतेक लेखक नव्हते. त्यांनी आठवणीने गावाचा नकाशा काढला: हा चौक, ही विहीर, हे अमक्याचे दुकान. शाळेतील वर्गाची, हौशी नाटकमंडळीची छायाचित्रे छापली. राब्बींबरोबरच पाणक्या आणि भिकारी यांच्यावरही लिहिले. लोकांची टोपणनावे नोंदविली. आणि शेवटी मृतांची यादी दिली, घराण्यांनुसार. अहवालाने ज्यांस रकान्यात कोंबले, त्यांस यादीने पुन्हा आपापल्या घरी पोहोचविले.

एशिशोकच्या बाबतीत आणखी एक मोठे काम झाले. याफा एलियाख ही त्या गावची मुलगी लपूनछपून वाचली आणि पुढे न्यूयॉर्कमध्ये इतिहासाची प्राध्यापिका झाली. तिचे आजी-आजोबा गावात छायाचित्रकार होते. परदेशी गेलेल्या नातलगांस गावकऱ्यांनी पत्रांतून पाठविलेली छायाचित्रे तिने देशोदेशी हिंडून जमविली. १९९३ साली वॉशिंग्टन येथे उघडलेल्या होलोकॉस्ट संग्रहालयात अशा सुमारे एक हजार छायाचित्रांचा तीन मजली मनोरा आहे. त्यात प्रेते नाहीत. नवरानवरी, सहलीस निघालेली मुले, नव्या कोटातील तरुण आहेत. मरणाऐवजी जगणे दाखवावे, हा तिचा निर्धार होता.

येथे महाराष्ट्राची आठवण होणे स्वाभाविक आहे. कोकणातील बेने इस्रायल हेही खेड्यापाड्यांत विखुरलेले ज्यू. तेल गाळणारे आणि शनिवार पाळणारे म्हणून त्यांस ‘शनवार तेली’ म्हणत. १९४८ नंतर त्यांतील बहुतेक इस्रायलला गेले, पण शेजाऱ्यांचा निरोप घेऊन, घराला स्वतःच्या हाताने कुलूप लावून. इस्रायलमध्ये त्यांनी ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक चालविले, आणि अलिबागचे सिनेगॉग आजही उभे आहे. गाव सोडणे आणि गाव पुसले जाणे यांत केवढे अंतर आहे, हे यावरून ध्यानी यावे. आपण तर नोकरीधंद्यासाठी स्वखुशीने बाहेर पडलेले लोक. त्या दुःखाशी आपली तुलना करणे अनुचित ठरेल.

तथापि एक गोष्ट त्यांजकडून घेण्यासारखी आहे. यिझकोर ग्रंथ बहुधा यिडिश व हिब्रू भाषांत आहेत. बळींपैकी बहुसंख्य यिडिश बोलणारे होते; त्यांच्याबरोबर त्या भाषेचा वाचकवर्गही गेला. आज ग्रंथ लिहिणाऱ्यांच्या नातवंडांपैकी अनेकांना आजोबांनी लिहिलेले पान वाचता येत नाही. म्हणून स्वयंसेवक एकेक प्रकरण इंग्रजीत आणीत आहेत. नावे जपली गेली. ती वाचणारे डोळे पुन्हा घडवावे लागत आहेत.

आपल्या घरोघरी जुन्या छायाचित्रांच्या पेट्या आहेत. त्यांच्या मागे नाव, गाव, आळी आणि नाते आजच लिहून ठेवावे, आणि ते वाचता येईल इतके मराठी मुलांस शिकवावे, एवढीच आमची वाचकांस विनंती आहे. एशिशोकच्या लोकांना ज्या नातलगांनी जपून ठेवले, ते त्यांच्यापासून हजारो मैल दूर, आपल्यासारखेच परमुलखात राहत होते.