औंढ्याचे खलाशी

आमच्या औंढा नागनाथला समुद्र नाही. पाणी म्हणून मिरवायचं ते जवळचं सिद्धेश्वर धरण. तेही उन्हाळ्यात पाहुण्यांना दाखवू नये असं. अशा गावात माझे पणजोबा ‘खलाशी’ म्हणून ओळखले जात, हा आमच्या घराण्याचा एकमेव पराक्रम.

ते मूळचे रत्नागिरीकडचे. आजी त्यांच्याविषयी एवढंच सांगायची, “मामंजी इजिप्तवर चाकरीला होते. इजिप्त बुडाली, तसे इकडं आले.”

आम्ही शाळकरी पोरं पोट धरून हसायचो. देश कधी बुडतो का? नकाशा आणून दाखवायचो, “हा बघ, कोरडा ठणठणीत!” आजी म्हणायची, “तुमच्या नकाशाला काय कळतंय?” गावात तर पिरॅमिडांचं थोडंफार काम पणजोबांच्या देखरेखीखाली झालं, इथवर मजल गेली होती.

पुढं माळ्यावरच्या ट्रंकेत पत्र्याची एक नळी सापडली. आत वाळवीनं निम्मा खाल्लेला, नोकरी सुटल्याचा कागद. कंपनी ‘पी. अँड ओ.’, सन १९२२ आणि ‘इजिप्त’. भाचा दोन दिवस काँप्युटरला चिकटून बसला आणि लॉइड्सच्या रजिस्टरात इजिप्त सापडली. बोट! स्कॉटलंडात ग्रीनॉकला १८९७ साली बांधलेली. देश असता तर आजी ‘बुडाला’ म्हणाली असती. तिचं व्याकरण पक्कं होतं. आमचाच भूगोल कच्चा.

२० मे १९२२. लंडनहून मुंबईला येताना फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ, दाट धुक्यात, ‘सीन’ नावाची फ्रेंच मालवाहू बोट इजिप्तवर आदळली. वीस मिनिटांत सारं आटोपलं. ८६ माणसं गेली. आजीच्या फोटोला त्या दिवशी मी अपराध्यासारखा नमस्कार केला.

बोटीत दहा लाख पौंडांहून जास्त किमतीचं सोनं-चांदी होतं. इटालियन पाणबुड्यांनी चारशे फुटांखालून ते १९३२ पासून वर काढलं. वीट न् वीट मोजली. पणजोबांचं नाव मात्र मला कुठं मिळालं नाही. विटांना हिशेब, खलाशांना घाऊक नाव, ‘लास्कर’. त्यांची आठवण झाली ती वर्तमानपत्रांना. प्रवाशांना टाकून होड्यांकडं धावले म्हणून शिव्या द्यायला. चौकशीत ठपका आला कप्तानावर, माणसं वाचवायची नीट तजवीज केली नाही म्हणून.

पणजोबा धावले असतील? असतीलही. परभणीच्या एस.टी.त खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणारा मी कोण बोलणार? आणि बोट बुडत नसताना!

ते वाचले, नागनाथाला नवस फेडायला आले आणि राहिलेच. समुद्रापासून इतकं लांबचं गाव त्यांनी का धरलं, ते आता कळतं.

नामदेवांना इथं कीर्तनासाठी देवळामागं पिटाळलं, तेव्हा देऊळच फिरलं म्हणतात. नंदी अजून मागच्या बाजूला आहे. रजिस्टरं अशी फिरत नाहीत. म्हणून मीच एका कोऱ्या कागदावर पणजोबांचं नाव, बोटीचं नाव आणि तारीख लिहून तो त्या नळीत घातला. खाली आजीचं वाक्य, तिच्या व्याकरणासकट.