पगारवाढीच्या पुढचा धडा

अब्बा घाटकोपरला आग्रा रोडवरच्या एका कारखान्यात होते. पगारवाढीचा करार झाला की घरी मिठाई यायची आणि ‘डॉक्टरां’चं नाव निघायचं. डॉक्टर म्हणजे दत्ता सामंत. मूळचे मालवणजवळच्या देवबागचे, दवाखाना घाटकोपरला. दगडखाणीतले मजूर तपासता तपासता ते त्यांच्या मजुरीच्या प्रश्नात उतरले आणि कामगारनेते झाले.

पगार, बोनस अशा मागण्यांतून कामगाराला समाजवाद कळतो का? हा वाद जुना आहे. रोझा लक्झेंबर्ग यांनी १८९९ मध्येच लिहिलं होतं, की सुधारणांचा लढा हे साधन आहे आणि समाज बदलणं हे ध्येय.

मुंबईत याची परीक्षा झाली ती १९८२ च्या गिरणी संपात. १८ जानेवारीला जवळपास अडीच लाख कामगार बाहेर पडले. मागणी पगाराची, बोनसची. पण वाटेत आडवा आला तो १९४६ चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा. बोलणी करण्याचा हक्क फक्त मान्यताप्राप्त राष्ट्रीय मिल मजदूर संघाला, आणि कामगार तर डॉक्टरांच्या मागे! मग ‘हा कायदा रद्द करा’ हीसुद्धा मागणी झाली. मालक आणि सरकार यांचं नातं कामगाराला कुठल्या अभ्यासवर्गात नाही, या संपात कळलं. मागणी शिकवते ती अशी.

पण ती आपोआप सगळंच शिकवत नाही. गिरण्यांच्या विणकाम खात्यात अस्पृश्यांना घेत नसत. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांना हा प्रश्न वेगळा लावून धरावा लागला. मजुरीच्या लढ्यात जात आपसूक विरघळली नव्हती. धर्म तरी कसा विरघळणार?

जानेवारी १९९३ च्या दंगलीत अब्बा कित्येक दिवस कामावर गेले नाहीत. त्यांच्या खात्यातले एक काका रात्री पीठ आणि दूध घेऊन आले. आजही त्यांची आठवण निघाली की अम्मीचे डोळे भरतात. पण ते एकटे आले, माणुसकीने आले. युनियन आली नाही. गेटवर एकत्र घोषणा देणाऱ्यांनी गल्लीत एकमेकांना सांभाळायचं, ही गोष्ट कुठल्या मागणीपत्रात कधी नव्हतीच.

१६ जानेवारी १९९७ ला पवईत डॉक्टरांची हत्या झाली. अब्बा त्या दिवशी जेवले नाहीत.

डॉक्टरांनी कामगाराला मान वर करून मागायला शिकवलं. शेजाऱ्यासाठी मागायचं, हा पुढचा धडा आपण अजून गिरवायचा आहे.